जनुकविषारी, जनुकघातक की जनुकबाधक?

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. मशेरीच्या दुष्परिणामांविषयीची इंग्रजी माहितीपत्रिका त्या आरोग्यसेविकांसाठी मराठीत आणत आहेत. 'जीनोटॉक्सिक मिक्श्चर', म्हणजे पेशीतल्या डीएनएला इजा करणारे मिक्श्चर, या शब्दांसाठी त्यांनी 'जनुकविषारी संयुग' असे लिहिले. तपासणाऱ्याने ते खोडून 'जनुकघातक रसायन' केले. यांतले बरोबर कोणते, आणि 'म्यूटेशन' म्हणजे हेच का, असे त्या विचारतात.

ताई, आधी सोपा भाग उरकू. 'संयुग' इथे चालणार नाही. मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण हा शाळेत शिकलेला फरक इथे जसाच्या तसा लागू आहे. पाणी हे संयुग. त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन ठरलेल्या प्रमाणातच असतात. भेळ हे मिश्रण. प्रत्येक गाडीवर वेगळी. मशेरी भेळेच्या जातीची. तंबाखू तव्यावर भाजून, करपवून, कुटून ती तयार होते. तंबाखूतले निकोटिन आणि कर्करोगकारक नायट्रोसमाइने तिच्यात असतातच, शिवाय पाने करपताना बेंझोपायरिनसारखे कर्करोगकारक पदार्थ नव्याने तयार होतात. तवा किती तापला, पाने किती वेळ ठेवली यावर प्रमाण बदलते. म्हणून 'मिश्रण' हाच शब्द. 'रसायन' हा शब्दही मी टाळेन. तो वाचला की कुणीतरी बाहेरून काहीतरी वाईट मिसळले आहे असे वाटते, आणि घरी भाजलेली मशेरी शुद्ध असा उलटाच समज होतो.

आता विशेषण. 'घातक' मला सर्वांत कमी पटतो. घात म्हणजे मारणे. प्राणघातक, आत्मघातक हे शब्द आपण त्याच अर्थाने वापरतो. पण या विषयाचे मर्म असे की मेलेली पेशी कर्करोग करत नाही. धोका असतो तो जखमी होऊनही जगलेल्या, डीएनएतली चूक तशीच घेऊन विभागत राहिलेल्या पेशीचा. 'घातक' म्हटल्यावर लक्ष नेमके त्या पेशीवरून उडते. 'विषारी'चीही अडचण जवळपास तीच. विष म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर साप येतो, उंदीर मारण्याचे औषध येते. लगेच काहीतरी होते, ओकारी होते, माणूस दगावतो. इथे वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. वीस वर्षे मशेरी लावणारी बाई म्हणेल, विष असते तर मी बसले असते का तुमच्यासमोर? तिच्याशी वाद घालायला हा शब्द कामाचा नाही.

मी 'जनुकबाधक' सुचवतो. 'बाधणे' हे क्रियापद मराठीत फार जिवंत आहे. रात्रीचे दही बाधते, परगावचे पाणी बाधते. एकाला बाधते, दुसऱ्याला बाधत नाही. थोडे चालते, जास्त बाधते. मात्रा आणि प्रकृती या दोन्ही गोष्टी या क्रियापदात आधीच आहेत. आणि मुख्य म्हणजे बाधा उतरू शकते. डीएनएचेही तसेच आहे. त्याची तुटफूट रोज होत असते, बाहेरच्या कोणत्याही पदार्थाचा संपर्क नसतानाही होत असते, आणि पेशीतली दुरुस्तीची यंत्रणा त्यातली बहुतेक निस्तरते. जीनोटॉक्सिक पदार्थ म्हणजे ही तुटफूट वाढवणारा पदार्थ. प्रत्येक इजा कायमची राहतेच असे नाही. हा सगळा अर्थ 'बाधक' पेलतो. 'साधकबाधक' किंवा 'प्रगतीला बाधक' यांतला अडथळ्याचा अर्थ मध्ये येईल अशी शंका येऊ शकते, पण 'आरोग्याला बाधक' हा प्रयोग इतका रुळलेला आहे की घोटाळा होऊ नये.

'जनुक' थोडा अपुरा आहे, हे मान्य. इजा जनुकापुरती नसते. दोन जनुकांच्या मधल्या डीएनएलाही होते, आणि कधी अख्ख्या गुणसूत्राचा तुकडा पडतो. काटेकोर लिहायचे असेल तिथे 'आनुवंशिक द्रव्याला बाधक' म्हणावे. पत्रिकेत 'जनुकबाधक' पुरे.

यावरूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. म्यूटेशनला पाठ्यपुस्तकी शब्द 'उत्परिवर्तन'. करोनाच्या काळात तो वर्तमानपत्रांत येत होता, तरी २०२१ मध्ये लोकांच्या तोंडी 'डबल म्युटंट'च राहिला. पण म्यूटेशनचा आणखी एक मराठी शब्द गावोगाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, तो म्हणजे फेरफार. जमिनीच्या कागदपत्रांत म्यूटेशन एंट्री म्हणजे फेरफार नोंद, गाव नमुना सहा. शब्द एकच, खाती दोन, आणि मला वाटते जीवशास्त्र समजवायला महसूल खात्यासारखा दाखला नाही. बघा: सातबाऱ्याच्या कागदावर पाणी सांडले, अक्षर पुसट झाले, तर ते नुकसान झाले, मूळ नोंदीवरून कागद पुन्हा नीट करता येतो. फेरफाराची नोंद झाली तरी हरकतीला मुदत असते. मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित केली आणि सातबारा बदलला, की पुढची प्रत्येक नक्कल बदललेलीच निघते. डीएनएला झालेली इजा ही सांडलेले पाणी. दुरुस्ती व्हायच्या आत पेशी विभागली आणि चूक नव्या प्रतीत उतरली, की फेरफार प्रमाणित झाला. म्हणून जनुकबाधक आणि उत्परिवर्तक हे शब्द एकमेकांच्या जागी टाकू नका. फेरफार घडवणारा पदार्थ जनुकबाधक असतोच. पण जनुकबाधक पदार्थाची प्रत्येक इजा फेरफारापर्यंत जात नाही. आरोग्यसेविकांना हे सातबाऱ्यावरून सांगून पाहा.

चाचण्यांच्या नावांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण पत्रिकेत ती येणारच. 'एम्स चाचणी' असे नुसते लिहू नका. नागपूरच्या किंवा दिल्लीच्या एम्स रुग्णालयात होणारी तपासणी असा समज होईल. 'ब्रूस एम्स यांची जिवाणू चाचणी' असे पूर्ण लिहा. एम्स यांनी ती १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात बर्कली इथे बसवली. हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जिवाणू घ्यायचे आणि जवळपास हिस्टिडिन नसलेल्या थाळीवर ठेवायचे. ते मोजकेच वाढतात. चाचणीचा पदार्थ घातल्यावर त्यांच्या वसाहती, म्हणजे डोळ्यांना दिसणारे पुंजके, बऱ्याच वाढल्या, तर त्यांच्या डीएनएत उलटा फेरफार होऊन ती क्षमता परत आली असे समजायचे. सोबत उंदराच्या यकृताचा अर्क घालतात, कारण बेंझोपायरिनसारखा पदार्थ मूळ रूपात डीएनएला फारसे काही करत नाही. यकृतातल्या विकरांनी (एन्झाइमनी) त्याचे रूप पालटल्यावर तो डीएनएला चिकटतो. मिश्रणाच्या बाबतीत इथे दोन खाचखळगे आहेत. मिश्रणात आधीच हिस्टिडिन असेल तर फेरफार न होताही वसाहती वाढतात. आणि मिश्रणातल्या दुसऱ्या एखाद्या घटकाने जिवाणूच मारले, तर वसाहती कमी दिसून मिश्रण निर्दोष वाटते. म्हणून 'निगेटिव्ह'चे भाषांतर कधीही 'सुरक्षित' करू नका. 'या चाचणीत उत्परिवर्तन आढळले नाही' एवढेच लिहा.

दुसरी चाचणी कॉमेट. तिची पायाभूत पद्धत १९८४ मध्ये आली आणि १९८८ मध्ये एन. पी. सिंग आणि सहकाऱ्यांनी ती अल्कधर्मी द्रावणात करून अधिक संवेदनशील केली. पेशी जेलमध्ये बसवून विजेचा प्रवाह सोडला की डीएनएचे तुटलेले धागे पुढे सरकतात आणि पेशीला शेपटी फुटते. पुस्तकात 'धूमकेतू चाचणी' लिहितात, ते योग्यच. मला मात्र आजीच्या तोंडचा 'शेंडेनक्षत्र' आठवतो. शेपटी त्या शब्दातच आहे.

मिश्रणाचा परिणाम सांगताना 'सहक्रिया' (सिनर्जी) हा शब्द कोशात आहे, पण आरोग्यसेविकेला तो काही सांगत नाही. बेरीज, गुणाकार आणि वजाबाकी म्हणा. दोन घटकांचे परिणाम नुसते जोडले जातात ती बेरीज, एकाने दुसऱ्याला बळ दिले तर गुणाकार, एकाने दुसऱ्याला अडवले तर वजाबाकी. मिश्रणातल्या एकेका घटकाची चाचणी करून हिशेब मांडायचा की अख्खे मिश्रणच थाळीत घालायचे, हा या शास्त्रातला खरा पेच आहे, कारण सुट्या घटकांवरून गुणाकार कळत नाही. अनेक द्रव्यांच्या संयोगातून नवे विष होते ही कल्पना आपल्याला नवी नाही. चरकसंहितेत संयोगातून झालेल्या विषाला 'गर' हे वेगळे नावच आहे. मशेरीच्या बाबतीत अख्ख्या मिश्रणाची चाचणी झालेली आहे: मुंबईच्या कर्करोग संशोधन संस्थेत १९८०च्या दशकात तपकिरी आणि काळ्या मशेरीच्या अर्कांवर प्रयोग झाले आणि ते अर्क उत्परिवर्तक ठरले. तंबाखूच्या अशा धूररहित प्रकारांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्यांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. हा गट पुराव्याच्या ठामपणाचा असतो, पदार्थाच्या तीव्रतेचा नव्हे. तेव्हा 'पहिल्या क्रमांकाचे विष' असे भाषांतर कुणी सुचवले तर ते घेऊ नका.

शेवटी क्रियापदाबद्दल माझा आग्रह. पत्रिकेत 'मशेरीचे सेवन' लिहिले आहे, ते काढा. मशेरी लावतात. लावणाऱ्या बाईच्या मनात ती दात घासत असते, तंबाखू खात नसते. 'सेवन' वाचून हे आपल्यासाठी नाहीच असे तिला वाटेल. तुमचे वाक्य मी असे करेन: 'मशेरी हे अनेक पदार्थांचे मिश्रण आहे. मशेरी लावली की ते तोंडातल्या पेशींच्या जनुकांना बाधते. बरीचशी इजा शरीर भरून काढते; जी राहते तिचा फेरफार होतो, आणि तो पुढच्या पेशींत उतरत जातो.'