रात्रीचे घोरणे कमी कसे करावे?

तुमचे यजमान पाठीवर झोपले की जास्त घोरतात, असे तुम्ही लिहिले आहे. उपायाची सुरुवात तिथूनच करा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. उताणे झोपल्यावर जीभ आणि मऊ टाळू मागे सरकतात, वाट अरुंद होते आणि श्वासाबरोबर पडजीभ थरथरते. तोच तो आवाज.

त्यांना कुशीवर झोपायची सवय लावा. पाठीशी लोड ठेवला की माणूस सहसा उताणा होत नाही. माझ्या वडिलांच्या बंडीला आईने पाठीमागे खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू घातला होता. पंधरा दिवसांत फरक पडला. उशा एकावर एक रचू नका, मान मुडपते. पलंगाची डोक्याकडची बाजूच थोडी उंच करा.

दारू आणि झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात. घेत असतील तर झोपण्याआधीचे तीन-चार तास दारू नको. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारूनच बदला. नाक चोंदत असेल तर मिठाच्या पाण्याचे थेंब मिळतात. वजन वाढले असेल तर ते उतरवणे हा सर्वांत टिकाऊ उपाय.

एक गोष्ट मात्र अंगावर काढू नका. घोरता घोरता श्वास १० सेकंद किंवा जास्त थांबतो, मग दचकून धाप लागते, दिवसा बसल्या जागी डुलकी येते, असे होत असेल तर तो स्लीप अॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार असू शकतो. त्याने रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण येतो. कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, झोपेची तपासणी करून घ्या. गरज पडल्यास सीपॅप यंत्र देतात, ते मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवते. श्वास थांबताना दिसला तर मोबाइलवर रेकॉर्ड करून डॉक्टरांना दाखवा, घोरणाऱ्याला स्वतःला ते कळतच नसते.