मारवाडी घोड्याचं वीर्य बैलासारखं गोठवून साठवता येतं का? नायट्रोजनचा कॅन घेऊ का?

साठवता येतं. पण कॅन इतक्यात घेऊ नका.

तुम्ही लिहिलंय की शीळफाट्याजवळ तबेला आहे, सहा वर्षांचा मारवाडी घोडा आहे, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ओळख झालेले लोक त्याच्याकडून घोडी भरवून मागतात, आणि गावाकडे गाय भरवायला येणाऱ्या माणसाच्या कॅनमधल्या स्ट्रॉ, म्हणजे वीर्य भरलेल्या बारीक नळ्या, बघून तुम्हाला हे सुचलं. मी पशुवैद्य, राहायला कळव्याला, घोड्यांचं काम बरीच वर्षं करतोय. गाईचा हिशेब घोड्याला लावायचा, इथेच बहुतेकांची गल्लत होते.

बैलाच्या एका स्ट्रॉमध्ये साधारण २ कोटी शुक्राणू असतात आणि तेवढ्यावर गाय गाभण राहते. चांगल्या वळूच्या एका वेळच्या वीर्यातून दोन-तीनशे स्ट्रॉ निघतात. घोडीला, तेही वितळवल्यानंतर, सरळ पुढे पोहणारे २५ कोटींच्या आसपास लागतात. अर्ध्या मिलीच्या स्ट्रॉमध्ये १० कोटी भरले आणि वितळवल्यावर त्यातले ३० टक्के धड निघाले, तर एका घोडीला आठ स्ट्रॉ झाल्या. म्हणजे घोड्याने ८०० कोटी शुक्राणू दिले तरी दहाएक घोडी भरण्यापुरताच माल. त्यातही सगळ्या राहतील असं नाही.

आता काम कसं चालतं ते. माजावरची घोडी किंवा डमी, म्हणजे नकली घोडी, पुढे उभी करून कृत्रिम योनीत वीर्य घेतात. आतलं तापमान ४५ ते ४८ अंश लागतं. कमी पडलं तर घोडा नुसता उड्या मारतो, जास्त झालं तर पुन्हा त्या यंत्राजवळ यायला मागत नाही. निघतं ते ३० ते १०० मिली, त्यात चिकट जेल असतं, ते गाळणीने आधी काढायचं. मग लगेच कोमट, ३७ अंशांचं, दूध-ग्लुकोजचं द्रावण घालायचं.

यातल्या कोमट शब्दावर मी एकदा सपशेल आपटलोय. टिटवाळ्याजवळ एका खोलीत काम होतं, मे महिना, घामाच्या धारा, म्हणून एसी लावलेला. मी नळी सरळ स्टीलच्या ओट्यावर ठेवली आणि फोन घ्यायला बाहेर गेलो. परत येऊन सूक्ष्मदर्शकात बघतो तर अर्धे शुक्राणू जागच्या जागी गोल गोल फिरतायत, काही चक्क उलटे पोहतायत. घोड्याच्या मालकाने डोळा लावला आणि खुशीत म्हणाला, "हलतायत की!" त्याला ते समजावताना माझी जी अवस्था झाली ती झालीच. थंड ओट्यामुळे झालेल्या या प्रकाराला थंडीचा धक्का म्हणतात. २० अंशांवरून ५ अंशांवर येताना वीर्य मिनिटाला ०.१ अंशाहूनही हळू उतरावं लागतं, म्हणजे अडीच तासांच्या वर. फ्रीजमध्ये ठेवून हे होत नाही, त्यासाठी खास डबा येतो.

गोठवायचं असेल तर पुढे आणखी बरंच. वीर्यातलं पाणी, म्हणजे प्लाझ्मा, साठवणीत शुक्राणूंना बाधतो, म्हणून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं काढून टाकतात. जोरात फिरवलं तर शुक्राणू दुखावतात, हळू फिरवलं तर निम्मे वरच्या पाण्याबरोबर जातात. मग अंड्याचा बलक आणि ग्लिसरॉल असलेलं द्रावण, मग स्ट्रॉ, मग द्रव नायट्रोजनच्या वाफेत तीन-चार सेंटिमीटर वर दहा-पंधरा मिनिटं, आणि शेवटी उणे १९६ अंशांत बुडवायचं. गोठताना शुक्राणू वाचवायची ग्लिसरॉलची ही करामत १९४९ साली इंग्लंडमध्ये सापडली, गोठवलेल्या वीर्यापासून पहिलं शिंगरू १९५७ मध्ये कॅनडात झाल्याची नोंद आहे. तरीही आजपर्यंत एक गोष्ट कुणाच्या हातात आलेली नाही: काही घोड्यांचं वीर्य गोठणं सोसतं, काहींचं अजिबात नाही. ताजं वीर्य उत्तम, शिंगरं भरपूर, आणि वितळवल्यावर जवळपास सगळे मेलेले, असे घोडे मी पाहिलेत. घोड्याकडे बघून हे कळत नाही.

म्हणून आधी दोन-तीन वेळा वीर्य घेऊन चाचणीपुरतं गोठवून बघा. दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत, दुसऱ्याच्या कॅनमध्ये. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आणि त्याचं बिकानेरचं केंद्र मारवाडीवरच हे काम करतं. बिकानेरला २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणातून मारवाडी शिंगरूही जन्मलं. त्यांना पत्र टाका. ग्लँडर्स आणि अश्व रक्तक्षय या घोड्यांच्या संसर्गजन्य आजारांच्या तपासण्या त्याआधी करून घ्या, त्याशिवाय कुणी आत घेणार नाही.

घोडीवाल्याचा खर्चही धरा. गोठवलेलं वीर्य आत गेलं की फार वेळ टिकत नाही, स्त्रीबीज सुटायच्या आधीचे बारा तास ते नंतरचे सहा तास, एवढाच अवकाश. म्हणजे इंजेक्शन, रात्री-बेरात्री सोनोग्राफी, आणि ती करता येणारा डॉक्टर. सारंगखेड्याकडच्या किती जणांना हे परवडेल?

तुमच्यासाठी मला थंड वीर्य जास्त बरं वाटतं. गोठवायचं नाही, ५ अंशांवर डब्यात घालून पाठवायचं, २४ तासांत वापरायचं. एका घोडीला १०० कोटी शुक्राणू. मी एकदा पुण्याहून असा डबा आणताना बोरघाटात चार तास अडकलो, डब्याला काही झालं नाही, टॅक्सीवाला मात्र "साहेब, आत काय आहे?" विचारून विचारून थकला. शेवटी औषध म्हणून सांगितलं.

पुण्याकडच्या रेसच्या घोड्यांच्या स्टड फार्मचं गिऱ्हाईक मात्र डोक्यातून काढा. थरोब्रेडमध्ये, म्हणजे रेसच्या घोड्यांच्या जातीत, कृत्रिम रेतनाचं शिंगरू नोंदवलंच जात नाही, जगात कुठेही. मारवाडीच्या नोंदणीसाठीही काय कागद आणि डीएनए लागेल ते पहिली घोडी भरवण्याआधी लेखी विचारून घ्या.

आणि वीर्य घ्यायचं ते पहाटे. आपल्याकडे मार्चनंतर दहा वाजता पत्र्याच्या तबेल्यात उभं राहवत नाही, घोड्याचंही मन लागत नाही. डॉक्टरलाही सातच्या आत बोलवा, नाहीतर तो शीळफाट्याच्या सिग्नलला आणि घोडी माजावर, अशी गत व्हायची.