तळघरातलं खोकं आणि तेरा वर्षांचा संग्राहक

प्रश्न: ताई, आम्ही नाशिकचे, अकरा वर्षांपासून कॅनडातल्या मिसिसागात आहोत. मुलगा तेरा वर्षांचा. वर्षभर त्याला जुन्या आइस हॉकीच्या वस्तूंचं वेड लागलंय. स्केटिंग जेमतेम येतं, पण कपाटात खेळाडूंची छापील कार्डं, फोटो आणि झिजलेले पक (चेंडूऐवजी वापरतात त्या रबरी चकत्या). आजीने वाढदिवसाला दिलेल्या पैशांतून त्याने ऑनलाइन नामवंत हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीचं पहिलं कार्ड घेतलं. ते नकली असावं असं आता वाटतंय, आणि ह्यांचा पारा चढलाय. त्यात शेजारचे ब्याऐंशी वर्षांचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला चाललेत. तळघरातलं हॉकीचं अख्खं खोकं याला देऊ म्हणतात. घ्यावं का? आणि हा नाद चालू द्यावा का?

उत्तर: खोकं घ्या. फक्त लगेच उचलून घरी आणू नका. का ते पुढे सांगते, आधी त्या कार्डाचं बघू.

ग्रेट्स्कीचं ते कार्ड १९७९-८०च्या हंगामातलं, निळ्या चौकटीचं, १८ नंबरचं. काढलं ओ-पी-ची कंपनीने. कंपनी लंडनची, म्हणजे आपल्या ऑन्टॅरिओतल्या लंडनची. त्याची एक निर्दोष प्रत २०२१मध्ये ३७ लाख ५० हजार अमेरिकी डॉलरना विकली गेली. एवढा पैसा दिसल्यावर नकला निघणारच. मुलाला भिंग द्या आणि तपासायला बसवा. ओ-पी-चीची कार्डं तेव्हा तारेने कापत, त्यामुळे कडा थोड्या खरबरीत असतात. कडा सुरीने कापल्यासारख्या गुळगुळीत असतील तर संशयाला जागा आहे. मागचा मजकूर इंग्रजी आणि फ्रेंच दोन्हींत हवा. नुसता इंग्रजी असेल तर ती टॉप्स या कंपनीची अमेरिकी आवृत्ती. तीही खरी, पण भाव कमी. आणि भिंगाखाली काळी अक्षरं ठिपक्याठिपक्यांची, फुटलेली दिसली तर ती बहुधा खऱ्या कार्डाच्या फोटोवरून केलेली छपाई. एवढ्यावर निकाल लागला नाही तर एखाद्या जुन्या, भरवशाच्या कार्डवाल्याला दाखवा. नकली निघालं तरी फेकू नका. पुढच्या कार्डाशी ताडून बघायला तेच कामाला येईल.

यजमानांना सांगा, यात मोठी माणसंही फसतात. मी स्वतः फसलेय. एका जुन्या बाजारात ‘साठच्या दशकातला’ म्हणून टोरंटो मेपल लीफ्स या संघाचा स्वेटर घेतला. (इथले जुने लोक जर्सीला स्वेटरच म्हणतात. एके काळी तो खरंच लोकरीचा असायचा.) पाठीवर खेळाडूचं नाव, ठसठशीत पांढऱ्या अक्षरांत. आठवडाभर मिरवला. मग वाचनात आलं की एनएचएलने, म्हणजे इथल्या व्यावसायिक आइस हॉकी लीगने, पाठीवर नाव सक्तीचं केलं १९७७-७८च्या हंगामात. टोरंटोचे मालक हॅरल्ड बॅलर्ड यांना तो नियम इतका खुपला, की फेब्रुवारी १९७८मध्ये त्यांनी निळ्या स्वेटरवर निळ्याच रंगात नावं लावून संघ मैदानात उतरवला. नियम पाळला, नाव कुणाला दिसलं नाही! हा किस्सा मला आधी माहीत असता तर माझे नव्वद डॉलर वाचले असते. म्हणून तुमच्या मुलाला माझी एकच अट: ज्या वस्तूचा काळ माहीत नाही, ती विकत घ्यायची नाही.

आणि त्या काळातला माणूस तुमच्या भिंतीपलीकडे राहतोय. खोकं घरी आलं की त्या नुसत्या वस्तू होतील. म्हणून चार-पाच शनिवार मुलाला वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. एकेक वस्तू काढायची आणि विचारायचं: कुठे मिळाली, कधी, कुणी दिली? संग्राहक ज्याला जिवापाड जपतात ती वस्तूची कुळकथा हीच.

त्यांच्या वयावरून मला वाटतं, खोक्यात बी-हाइव्हचे फोटो निघतील. सेंट लॉरेन्स स्टार्च ही कंपनी ‘बी-हाइव्ह’ नावाचं मक्याचं सिरप विकायची. डब्याचा पुरावा पोस्टाने पाठवला की हॉकीपटूचा फोटो घरी यायचा. १९३४पासून १९६७पर्यंत हे चाललं. कारखाना कुठे होता? पोर्ट क्रेडिटला, म्हणजे आज तुम्ही राहता त्या मिसिसागात. आपल्याकडे काडेपेटीचे छाप जमवत तसंच हे. फरक इतकाच, की इथे मुलांच्या हट्टापायी अख्ख्या घराला सिरप संपवावं लागायचं. पार्कहर्स्ट कंपनीची १९५१-५२ची कार्डं निघाली तर हात जपून लावा. मॉरिस रिशार आणि गॉर्डी हाउ या जुन्या दिग्गज खेळाडूंची पहिली कार्डं त्या संचात आहेत. उलट १९९०-९१च्या सुमाराची कार्डं गठ्ठ्यांनी निघाली तर हुरळू नका. तेव्हा इतकी छापली की बहुतेकांना आज भाव नाही.

एक काम मात्र तुम्हा दोघांचं, मुलाचं नव्हे. आजोबांच्या मुलीला आधी फोन करा. खोक्यात काय आहे ते तिला माहीत असू द्या आणि मौल्यवान काही निघालं तर परत विचारू असं सांगून ठेवा. म्हाताऱ्या माणसाने प्रेमाने दिलं आणि मागून पोरांच्या मनात किल्मिष राहिलं, असं व्हायला नको. पैसे देऊ केलेत तर ते बहुधा दुखावतील. घर हलवताना दोन धडधाकट माणसं लागतात, ती तुम्ही व्हा.

वस्तू आल्या की रबरबँड आणि चिकटपट्टी बंद. सुरकुतलेल्या कार्डावर इस्त्री नको, लोकरीचा स्वेटर धुवायचा नाही, आणि तुमच्याही तळघरात ओल असेल तर खोकं वर ठेवा.

पैशांचं म्हणाल तर महिन्याची रक्कम ठरवा, आजीचे पैसेही तिच्यातच धरा. थोडक्या पैशांत गोड संग्रह होतो. रॉबिन बावा हा ब्रिटिश कोलंबियातल्या डंकनचा पंजाबी मुलगा १९८९मध्ये वॉशिंग्टनकडून एनएचएलमध्ये उतरला. भारतीय वंशाचा तो पहिला. मॅनी मल्होत्रा तर मिसिसागातच जन्मला, आणि १९९८मध्ये न्यूयॉर्क रेंजर्स संघाने नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत त्याला सातव्या क्रमांकावर निवडलं. या दोघांची कार्डं खाऊच्या पैशांत येतात.

यजमानांच्या डोळ्यांपुढे हॉकी म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले असणार, मला कळतं. एका रविवारी बापलेकांना टोरंटो डाउनटाउनच्या हॉकी हॉल ऑफ फेम या संग्रहालयात पाठवा. जुन्या बँकेची १८८५ची इमारत आहे, आणि तिच्या तिजोरीत लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८९२मध्ये दिलेलं, आज एनएचएलच्या विजेत्याला मिळणाऱ्या स्टॅन्ली कपचं मूळ चांदीचं पात्र ठेवलंय. तिथून परत आल्यावर ते मुलाशी काय बोलतात ते मला जरूर कळवा.

पहिल्या शनिवारी मुलाने वहीत एकच प्रश्न लिहून न्यावा: २८ सप्टेंबर १९७२ला तुम्ही कुठे होतात? त्या दिवशी मॉस्कोत, कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यातल्या मालिकेच्या शेवटच्या सामन्यात, ३४ सेकंद उरलेले असताना कॅनडाच्या पॉल हेंडरसनने विजयी गोल मारला होता. आजोबा तेव्हा तिशीच्या आसपास होते. खोकं उघडायला बहुधा दुसरा शनिवार उजाडेल.