जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी का?

प्रश्न: आम्ही डिचोलीला राहतो. रोज फोंड्याला जाणे-येणे, महिन्यातून एकदा चोर्ला घाटातून बेळगाव. मुले ४ आणि ९ वर्षांची. २०१४ ची मोठी एसयूव्ही मिळतेय, तेवढ्याच पैशांत नवी छोटी गाडीही येते. सासरे म्हणतात, अपघातात जड गाडीच वाचवते. खरे काय?

उत्तर: सासऱ्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. ८०० किलोची आणि १६०० किलोची गाडी, दोन्ही ताशी ५० किमी वेगाने समोरासमोर धडकून एकमेकींत अडकल्या, तर जड गाडी हलकीला सुमारे १७ च्या वेगाने मागे ढकलत नेते. जड गाडीचा वेग क्षणात ३३ ने बदलतो, हलक्या गाडीचा ६७ ने. हा फरक सुरक्षा चाचणीत मिळणाऱ्या स्टारनी पुसला जात नाही. भारत एनसीएपी या गाड्यांना सुरक्षेचे स्टार देणाऱ्या सरकारी कार्यक्रमाची समोरची चाचणी ६४ च्या वेगाने दबणाऱ्या अडथळ्यावर होते, म्हणजे साधारण आपल्याच वजनाच्या गाडीशी टक्कर. छोट्या आणि मोठ्या गाडीचे पाच स्टार एकाच तराजूत घालू नका.

पण आपल्याकडे गाडी नेहमी गाडीवरच आदळते असे नाही. माड, चिऱ्याची कंपाउंड भिंत, विजेचा खांब इथे वजन कामाला येत नाही. जड गाडी स्वतःचा जोर सोबत घेऊनच आदळते. उभ्या टिपरच्या मागे घुसलात तर बॉनेट हौद्याखाली जाते आणि पहिला मार थेट काचेवर बसतो. तिथे वेग कमी असणे हाच बचाव.

घाटात उंच गाडी उलटण्याचा धोका वेगळा. डाव्या-उजव्या चाकांमधल्या अंतराचा अर्धा भाग भागिले गुरुत्वमध्याची उंची, हा आकडा जितका मोठा तितकी गाडी स्थिर. अंतर दीड मीटर आणि उंची ५५ सेंटीमीटर असेल तर १.३६ येतो, उंची ७५ झाली की १. टपावर सामान बांधले की आणखी घसरतो.

आमचा कौल नव्या गाडीला, पण ईएससी (घसरणारी गाडी आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) आणि सहा एअरबॅग असलेल्या व्हेरियंटला. ड्रायव्हरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. २०१४ च्या खालच्या व्हेरियंटमध्ये ती बहुधा नसतेच.

तरीही जुनीच घ्यायची असेल तर दाराचे रबर ओढून काढा. कारखान्यातले स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारे ठिपक्यांसारखे डाग) गोल आणि सारख्या अंतरावर असतात. ते बुजवलेले, वेडेवाकडे दिसले किंवा वर जाड पुट्टी असली तर गाडी ठोकलेली समजा. किनाऱ्याजवळ वापरलेल्या गाडीचे मॅट उचला आणि जमिनीचा पत्रा, जॅक लावायच्या जागा स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहा. पत्रा भुसभुशीत लागला तर व्यवहार सोडा. चावी ‘ऑन’ केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद पेटून विझायला हवा. पेटलाच नाही तर दोष लपवायला बल्ब काढला असण्याची शक्यता आहे.

प्रश्न: पुढे क्रॅश गार्ड लावला तर?

उत्तर: लावू नका, तो बेकायदाही आहे. बंपरमागचे भाग दबून धक्का खातात. गार्ड थेट चॅसीला बोल्ट केला की धक्का न विरता आत पोचतो आणि एअरबॅगच्या सेन्सरची वेळही चुकू शकते. समोरच्या स्कूटरवाल्याचे पाय तर तो मोडतोच.

प्रश्न: धाकट्याला मांडीवर घेतले तर चालेल?

उत्तर: नाही. ५० च्या वेगातली गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर १६ किलोच्या मुलाचा ओढा सव्वादोनशे किलोंच्या घरात जातो. कोणाचेही हात तो धरू शकत नाहीत. धाकट्याला मागच्या सीटवर आयसोफिक्सची (गाडीतल्या पक्क्या कड्यांना अडकणारी) बालसीट, थोरल्याला बूस्टर, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून उंची देणारी बैठक. पट्टा गळ्यावर न येता खांद्यावरून आणि पोटावर न येता कंबरेच्या हाडावरून नीट बसेपर्यंत बूस्टर काढू नका. पट्टा मागे बसलेल्या मोठ्यांनीही लावायचा: मोकळा माणूस पुढच्या सीटवर आदळला की पुढच्यालाही चिरडतो.