त्याला झेपत नसेल, तर परत बोलावून घेऊ का?

"म्याडम, पोरगं दिवाळीला आलंय ते परत जाईना की वो. तिथलं काय झेपंना म्हणतंय. हितंच आयटीआयला घालू का?"

फोन जत तालुक्याच्या पूर्व भागातून होता. मी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात समुपदेशक आहे. दिवाळी ते संक्रांत या दिवसांत असे फोन दरवर्षी येतात. कधी आईचा, कधी मामाचा, कधी गावातल्या ज्या सरांनी अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरून दिला त्यांचा. बारावीपर्यंत वर्गात पहिलं येणारं लेकरू शहरातल्या कॉलेजात जाऊन आपटलं, की घरच्यांना दोनच अर्थ सुचतात: एक तर ते तिथं उनाडक्या करतंय, नाहीतर ते मुळात तेवढं हुशार नव्हतंच.

या मुलाला महेश म्हणू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत, पण लिहायला त्याची हरकत नाही. घरी कानडी, शाळा मराठी. अकरावी-बारावी सायन्सची पुस्तकं इंग्रजी. पण तिथले सर फळ्यावर इंग्रजी लिहायचे आणि समजावायचे मराठीत. म्हणजे तासभर कुणी सलग इंग्रजीत बोलतंय आणि आपण ऐकतोय, हा अनुभव त्याला आयुष्यात पहिल्यांदा पुण्यात आला. त्यात प्रवेश मिळाला तिसऱ्या कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या तिसऱ्या फेरीला. एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, पहिल्या वर्षासाठी तीन आठवड्यांचा इंडक्शन (ओळखीचा) कार्यक्रम ठरवून दिला आहे, मुलांनी बुजू नये म्हणून. सगळ्यात जास्त बुजणारी मुलं शेवटच्या राउंडला येतात आणि त्यांचा तोच हुकतो. महेश आला तेव्हा इंडक्शन संपलेलं, एम-वनचं (पहिल्या सेमिस्टरच्या गणिताचं) पहिलं युनिटही उरकलेलं. इन-सेमला, म्हणजे सेमिस्टरच्या मधल्या परीक्षेला, 30 पैकी 7.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. इन-सेमनंतर त्याच्या क्लास टीचरनी त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. मी दहा मिनिटं बोलले, "घाबरू नकोस" म्हटलं आणि ज्यादा तासांच्या वर्गाला त्याचं नाव दिलं. काम झालं असं मला वाटलं. त्या वर्गाची यादी ऑफिसनं नोटीस बोर्डावर लावली. नाव, रोल नंबर आणि पुढे चक्क प्रवर्गाचा रकाना. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. अहवालाचा जो तक्ता होता तोच छापून डकवला. महेश तीन दिवस गेला, चौथ्या दिवसापासून बंद. हे मला कळलं थेट वडिलांच्या फोननं.

मी त्यांना म्हटलं, "दादा, आठ दिवस द्या मला. त्याला एकदा पाठवा, बॅग भरून न्यायलाच आला असं समजा."

तो आला. डोळे तांबारलेले. सुरुवातीला नुसतं "हो मॅडम, नाही मॅडम". मग मी मागच्या वर्षीचा एम-वनचा पेपर पुढे सरकवला आणि म्हटलं, यातलं तुला येतं ते सोडव, मराठीत बोलत बोलत. त्यानं डेरिव्हेटिव्ह सपासप काढले. मग एका गणितात निम्म्यावर थांबून पेन खाली ठेवलं.

"पुढचं?"

"झालं की मॅडम."

प्रश्नाची दुसरी ओळ 'हेन्स डिड्यूस' अशी सुरू होत होती. त्याला ती सूचना वाटलीच नव्हती. नुसतं वाक्य पुढे चालू आहे असं वाटलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे, हे जे आत्ता काढलंस ना, त्याच्याच आधारानं पुढचं काढ." दोन मिनिटांत त्यानं ते काढलं. मग आम्ही इन-सेमची उत्तरपत्रिका मागवली. दोन ठिकाणी हेच. पहिला भाग बरोबर, दुसऱ्याला हातच नाही.

माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी ही कसोटी सांगते. मुलाला अडलेलं गणित त्याच्या भाषेत समजावून द्या, किंवा कुणाला तरी द्यायला सांगा. तेवढ्यावर सुटलं, तर डोकं शाबूत आहे. अडचण भाषेची आहे, मागे राहिलेल्या एखाद्या धड्याची आहे किंवा वेळेची आहे. हे तिन्ही भरून निघतं. महिना-दोन महिने नीट प्रयत्न करूनही गोडी लागत नसेल, तर मात्र कोर्स बदलण्याचं बोलावं. मागे एक मुलगी इंजिनिअरिंग सोडून बीएस्सीला गेली. मीच तिला जा म्हटलं, आणि ते बरोबर होतं.

डोळे तांबारण्याचं कारण तिसऱ्या भेटीत निघालं. मेसचे पैसे भागेनात म्हणून तो रात्री दहा ते पहाटे चार एका गोदामात पार्सलं लावायचा. घरी माहीत नव्हतं. साडेआठच्या लेक्चरला हा मुलगा झोपतो, एवढंच शिक्षकांना दिसत होतं. शासकीय वसतिगृहात त्याचा नंबर लागला नव्हता. अशा अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात वर्षाला 60,000 रुपये (भोजन 32,000, निवास 20,000, निर्वाह 8,000) आणि इंजिनिअरिंगच्या मुलांना शैक्षणिक साहित्यासाठी वर आणखी 5,000. घरचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं. महेशला फी माफ होते एवढं ठाऊक होतं, स्वाधारचं नावही नाही. अर्ज भरला. हप्ता पडेपर्यंत खायचं काय, म्हणून 'कमवा आणि शिका'मधून लायब्ररीत रोजचे दोन तास मिळवून दिले. पैसे गोदामापेक्षा कमी, पण रात्रीची झोप परत आली. 'कमवा आणि शिका' म्हटल्यावर त्याचा चेहरा थोडा उजळला. आजोबा रयतच्या शाळेत शिकलेले, त्यामुळे कर्मवीर अण्णांचं नाव घरात होतं. मोबदल्यात काम करतोय, भीक नाही, हे त्याला महत्त्वाचं होतं.

राहिला ज्यादा वर्ग. "मी नाही जाणार त्या ढ बॅचला," तो सरळ म्हणाला. मला पूर्वी अशा मुलांचा राग यायचा: मदत देतोय तर घेत का नाहीत? आता वाटतं, त्यांचं बरोबर असतं. जिथं नाव लागल्यावर इज्जत जाते तिथं कोण जाईल?

अमेरिकेत बर्कलेच्या विद्यापीठात 1970 च्या दशकात उरी ट्राइसमन नावाचे गणिताचे शिक्षक याच कोड्यात पडले होते. कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय मुलं मागे पडत होती आणि सहकारी म्हणत, तयारी कच्ची, घरचं पाठबळ नाही, मन लावत नाहीत. ट्राइसमननी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाची मुलं निवडली आणि ती अभ्यास कशी करतात ते जवळून पाहिलं. कृष्णवर्णीय मुलं भरपूर अभ्यास करत, पण एकेकटी. चिनी मुलं आधी आपापलं सोडवत, मग जेवताखाता एकमेकांची गणितं तपासत, कुठं सगळेच अडलेत ते त्यांना कळे. मग ट्राइसमननी सोप्या गणितांचे ज्यादा वर्ग नाही काढले. अवघड गणितांचे गट काढले, हुशारांसाठी असावेत तसे. आणि मुलं वर आली.

बर्कले कुठं, आमचं कॉलेज कुठं, हे मलाही कळतं. पण एक तरुण प्राध्यापक तयार झाले. बुधवार-शनिवार साडेचार ते सहा, ट्यूटोरियल रूममध्ये आठ जण. चार केटीच्या, म्हणजे विषय मागे राहण्याच्या, वाटेवरचे, चार चांगले मार्क पडलेले, मुद्दाम मिसळलेले. यादी नाही, हजेरी नाही. जुन्या पेपरातली कठीण गणितं, आणि बोलायचं हव्या त्या भाषेत. पहिले दोन आठवडे महेश गप्प होता. मग एकदा पुण्याच्याच इंग्रजी माध्यमातल्या एका मुलीला मॅट्रिक्स अडलं आणि यानं सोडवून दाखवलं. ती म्हणाली, "अरे, मग तू क्लासमध्ये बोलत का नाहीस?" याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. मला वाटतं, तिथं काहीतरी हललं.

दरम्यान वडिलांचा फोन दर रविवारी. "किती मार्क पडले?" मी त्यांना म्हटलं, "दादा, मार्क विचारू नका. या आठवड्यात कुणाबरोबर अभ्यासाला बसलास, ते विचारा. आणि जेवलास का." ते हसले, "जेवणाचं त्याची आई इचारती की." पण मग ते खरंच नावं विचारू लागले, आणि काही आठवड्यांनी त्यांना आठही मुलांची नावं पाठ झाली.

सगळं गोड झालं नाही. पहिल्या सेमिस्टरला दोन केट्या लागल्याच, एम-वन आणि ग्राफिक्स (इंजिनिअरिंग ड्रॉइंग). एम-वन पुढच्या खेपेला सुटलं. ग्राफिक्सनं त्याला आणखी एकदा रडवलं. वर्ष मात्र वाया गेलं नाही. आयआयटीत प्रवेश थोडक्यात हुकलेल्या अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांसाठी पूर्ण वर्षाचा प्रिपरेटरी कोर्स आहे. आमच्यासारख्या कॉलेजात तेच सगळं पहिल्या सेमिस्टरच्या पोटात कोंबावं लागतं. मग दोन केट्या लागल्या तर त्यात नवल ते काय?

नोटीस बोर्डावरच्या त्या यादीबद्दल मी ऑफिसला लेखी दिलं. रकाना गेला. यादी जायला आणखी एक वर्ष लागलं.

महेश आता तिसऱ्या वर्षाला आहे, बुधवारच्या गटात नवीन मुलांसोबत बसतो. त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर शब्द लिहिलेले आहेत: डिड्यूस, व्हेरिफाय, विथ युज्वल नोटेशन्स. प्रत्येकापुढे मराठीत अर्थ, काहींपुढे कानडीतही. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्याची प्रत ठेवलेली असते. मुलं "महेशचं पान द्या" म्हणून मागतात. तीन रुपये.