उंचीवर पक्षी कमी होतात ते थंडीमुळेच का?

उष्णकटिबंधातल्या डोंगरावर वर जावं तशा पक्ष्यांच्या जाती घटतात, ते थंडीमुळेच ना, असं तुम्ही विचारलंय. थंडीचा हात आहे, पण फार आडून. पेरूच्या अँडीजमध्ये सुमारे ३८०० मीटरवर काळा मेटलटेल नावाचा इवलासा हमिंगबर्ड रात्री अंगाचं तापमान ३.३ अंश सेल्सिअसपर्यंत उतरवून निपचित पडतो आणि सकाळी पुन्हा फुलांवर हजर! थंडी निभावता येते. पोटाचं काय, ते आधी बघा.

पर्यावरणशास्त्रज्ञ जॉन टरबॉर यांनी पेरूतल्याच व्हिल्काबांबा रांगेत पायथ्यापासून माथ्यापर्यंत पक्षी मोजले. १९७७ साली त्यांनी मांडलेला हिशेब असा: वर जाईपर्यंत कीटकभक्षी जाती ५ पटींहून जास्त घटल्या, फळं खाणाऱ्या जेमतेम सव्वादोन पट, आणि मधावर जगणाऱ्या जवळजवळ होत्या तेवढ्याच. खालच्या जंगलात लष्करी मुंग्यांची धाड निघाली की पाचोळ्यातले झुरळ-नाकतोडे सैरावैरा पळतात आणि अँटबर्ड ते वरच्यावर टिपतात. वर या मुंग्याच विरळ, मग त्यांच्या मागे फिरून पोट भरणाऱ्यांनी करायचं काय?

पक्षी मोजायला जंगलात जाळी लावून ते पकडतात, त्या जाळ्यांच्या आकड्यांवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. जाळं पोचतं जमिनीपासून अडीच-तीन मीटर. खाली जंगलाचे शेंडे ३०-४० मीटरवर, तिथला पक्षी जाळ्यात यायचाच नाही. माथ्याजवळ झाडं खुरटी, शेवाळाने लगडलेली, शेंडेच जाळ्याच्या उंचीला. वरची यादी आपोआप फुगते.

पायथा कोरडा असेल तर बहुधा सगळ्यात जास्त जाती मधल्या उंचीवर मिळतात, हेही ध्यानात ठेवा.

मला स्वतःला संख्येपेक्षा अदलाबदल जास्त खिळवते. एक जात जिथे संपते तिथेच तिची चुलतबहीण सुरू होते, मध्ये जंगल तेच. पेरूतला सिरा हा एकटा पडलेला डोंगर. अँडीजच्या वरच्या पट्ट्यातल्या कितीतरी जाती तिथे पोचल्याच नाहीत. टरबॉर आणि त्यांचे सहकारी वेस्के यांना तिथे दिसलं, की वरची शेजारीण नसली की खालची जात खुशाल वर सरकते. म्हणजे तिला अडवत होती ती शेजारीण. कोस्टा रिकात शेजारच्या जातीचं ध्वनिमुद्रित गाणं वाजवून पाहिलं, तर हद्दीजवळचे पक्षी अंगावर धावून आले.

तरी तापमान निर्दोष नाही. पेरूतल्याच पांतियाकोयाच्या कड्याचा माथा जेमतेम १४०० मीटर. १९८५ मध्ये फक्त माथ्याजवळच राहणाऱ्या १६ जाती तिथे होत्या. हवा तापत गेली, पट्टे वर सरकले. २०१७ मध्ये पुन्हा मोजणी झाली तेव्हा त्यातल्या काही जाती सापडल्याच नाहीत. वर सरकायला डोंगरच उरला नव्हता.