नावात नवरा का?

प्रिय सई,

आनंदीबाई जोशींवरचा 'आनंदी गोपाळ' बघून झाल्यावर तू फोनवर विचारलंस, "सिनेमा तिच्यावर आहे ना, मग नावात तो कशाला? आपल्याकडे बाईचं कौतुकही नवऱ्यासकटच करतात का?" जाता-येता ऐकायला एखादं पॉडकास्ट सुचव, असंही म्हणालीस. प्रश्न मनात घोळत राहिला, म्हणून सविस्तर लिहिते.

रीत तुला माहीत आहेच. आधी आपलं नाव, मग वडिलांचं, लग्नानंतर त्या जागी नवऱ्याचं. आनंदीबाईंचं तर पहिलं नावही सासरचं. माहेरी ती यमुना. १८७४ मध्ये लग्न झालं तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि गोपाळराव तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे. तिने शिकावं हा ध्यास त्यांचा, आणि अभ्यासापायी तिने खाल्लेला मारही त्यांचाच. चौदाव्या वर्षी बाळ गेलं, १८८३ मध्ये ती एकटी अमेरिकेला निघाली, १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाली आणि पुढच्याच फेब्रुवारीत पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती गं. गोपाळरावांना वगळून ही गोष्ट सांगताच येणार नाही. त्यामुळे नावाबद्दल माझी तक्रार नाही. मला रुखरुख वेगळीच आहे. तिची पत्रं उरली, पण बसून स्वतःची कहाणी लिहायला तिला आयुष्यच मिळालं नाही. ती इतरांनी सांगितली. त्यातलं १९१२ मधलं चरित्र निदान एका बाईने, काशीबाई कानिटकरांनी लिहिलं.

पण ज्यांना आयुष्य मिळालं त्यांनी स्वतः लिहिलं, आणि तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथे दिसतं. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या. नवरा, न्यायमूर्ती रानडे, त्यांना शिकवत होते आणि घरातल्याच बायका त्यावरून टोमणे मारत होत्या, हे त्यांनी लिहून ठेवलंय.

माझा जीव मात्र लक्ष्मीबाई टिळकांवर. त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने आलं. शाळेत जाऊन शिकलेल्या नव्हत्या त्या, पण भाषा बघ, ओसरीवर बसून कोणी बोलावं तशी. वडिलांचं सोवळ्याचं वेड, कवी नवऱ्याचं, म्हणजे ना. वा. टिळकांचं, न सांगता निघून जाणं, १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती होणं आणि नंतरची ताटातूट. सगळं सांगतात, रागावतात, हसवतात आणि माणसाला माफही करतात. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःचं मन तयार झाल्यावर, नवऱ्याच्या पाच वर्षांनंतर. टिळकांचं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरं राहिलं होतं, तेही त्यांनीच पुरं केलं. त्यातले बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंचे आहेत. आता सांग, तिथे कुणाच्या नावापुढे कुणाचं नाव लावशील?

आणि बेबीताई कांबळे. त्यांची आठवण काढल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. फलटणला त्यांचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला आणलेली रद्दी त्या वाचायच्या. मग तिथेच बसून, घरच्यांच्या नकळत, आपलं आणि आपल्या महार वस्तीचं जगणं लिहू लागल्या. लिहिलेलं वर्षानुवर्षं लपवून ठेवलं, कारण नवऱ्याची भीती होती. १९८२ मध्ये ते 'स्त्री' मासिकात येऊ लागलं, १९८६ मध्ये पुस्तक झालं: 'जिणं आमुचं'. बाळंतपण, उपास, सासुरवास वाचताना पुस्तक खाली ठेवावंसं वाटतं. ठेवू नकोस. बाबासाहेबांच्या सांगण्यावरून याच बायका पोरांना शाळेत घालतात, तेही त्याच पानांत आहे.

सिनेमाच बघायचा असेल तर १९७७ चा 'भूमिका' बघ. अभिनेत्री हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर बेतलेला आहे आणि स्मिता पाटीलने काय काम केलंय! वाडकरांनी स्वतःच्या चुका, दारू, पुरुष, काहीही लपवलं नाही. इतका खरेपणा मी फार थोड्या पुस्तकांत पाहिला. आधी पुस्तक, मग सिनेमा, असा माझा हट्ट.

पॉडकास्टचं म्हणशील तर 'स्मृतिचित्रे' ऐकण्यासाठीच आहे असं मला वाटतं. मी मोठ्याने वाचून रेकॉर्ड करते आणि प्रकरणं तुला एकेक करून पाठवते. तू जाता-येता ऐक, शब्द अडला तर विचार. 'जिणं आमुचं' मात्र एकटीने सुरू करू नकोस. सुट्टीत आलीस की दोघी मिळून वाचू.

तुझी,
आई